निघताना म्हणायचा शब्द

दुपारी एक ते तीन या वेळात बागांच्या वसाहतीत कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. फाटकावर तशी पाटीच होती. कुंपणाची झुडपं सव्वा मीटरच्या वर वाढू देऊ नयेत, रविवारी गवत कापू नये, दुपारच्या शांततेत रेडिओ लावू नये. त्याखाली वेगळ्या रंगात एक ओळ नंतर आलेली: दुपारच्या शांततेत ड्रॅगननं ओरडू नये. ती साळूसाठी होती.

म्हणून पाच माणसांचं भांडण गेला अर्धा तास कुजबुजत चाललं होतं.

"अहो, हळू," क्षमा म्हणाली.

"हळूच बोलतोय मी," उज्ज्वल म्हणाला. "तीन वाजता फ्राऊ केसलर सरकारतर्फे साळूला न्यायला येणार. त्याच्या आत तिच्या शब्दांची यादी सही होऊन टेबलावर पाहिजे. यात ओरडण्यासारखं काय आहे?"

"ओरडत कोणीच नाहीये, बाबा," उर्जा म्हणाली. "ते पण अलाउड नाहीये."

क्षमानं डब्यातला झुणका ताटांत वाढला. सफरचंदाच्या झाडाखाली साळू पडली होती, दोन घोड्यांएवढी, ओल्या पाटीच्या रंगाची. गळ्यात सरकारी साखळी. मुद्दाम कोणाकडे बघत नव्हती. घरात आपल्यावरून वाद चालला की मुलं जशी पाठ करून पडतात, तशी.

सकाळीच क्षमाला खताच्या पेटीमागे उर्जाची बॅग सापडली होती. दोन स्वेटर, उडताना घालायचे हातमोजे, आजीनं दिलेली लाडवांची पिशवी. सतरा वर्षांची पोर, पळून जाताना लाडू घेऊन चालली होती. क्षमानं बॅग खोलीतल्या बटाट्यांच्या पोत्याखाली सरकवली आणि एवढंच म्हणाली, "तू गेलीस तर आपल्या सगळ्यांचे इथे राहायचे परवाने, आउफएन्टहाल्ट, रद्द होतील. मला शब्द दे." उर्जानं दिला. उज्ज्वलला यातलं काही माहीत नव्हतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, आणि एवढी मोठी गोष्ट तिनं त्याच्यापासून लपवण्याची ही पहिलीच वेळ.

थोरल्या तनयनं ताट बाजूला सारून फाइल उघडली. हायडेलबर्गला चार वर्षं शिकून तो गेल्या हिवाळ्यापासून नव्या राजवटीच्या ड्रॅगन-कचेरीत दुभाष्या होता. ज्या ड्रॅगनना जर्मन कळत नाही, त्यांचे शब्द लिहून काढायचे. तुर्की ऐकणारे चार, पोलिश ऐकणारे अकरा, आणि मराठी ऐकणारी एक. त्या एकीची यादी त्यानं कोणाला न विचारता हायडेलबर्गच्या खोलीत बसून केली होती. क्षमानं फोनवर म्हटलंही होतं, एकदा उर्जाला विचार. तर म्हणाला, "मराठी येतं की मला, आई."

"वाचतो," तो आता म्हणाला, आणि साळूला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडासमोर कागद धरला. "बस, म्हणजे बसणं. थांब. हळू. गप. हे सोपे. मग, जा. म्हणजे उड्डाण."

"जा?" उर्जानं मान वर केली.

"जा. आणि येते, म्हणजे जवळ बोलावणं. आल्झो, झालं. खाली सही माझी. यादी चुकली तर जबाबदार मी, तुमच्यावर काही येणार नाही. चुकीच्या यादीला दोन वर्षं तुरुंग आहे."

क्षमाच्या हातातला डाव ताटाच्या काठावर थांबला.

या घरात निघताना कोणी 'जाते' म्हणत नसे. सासूबाईंनी, लीलाबाईंनी म्हणूच दिलं नव्हतं. दूध आणायला निघालेलं माणूससुद्धा 'येते' म्हणून निघायचं आणि मागून लीलाबाई 'ये' म्हणायच्या, तेव्हाच पाऊल बाहेर पडायचं. तीन वर्षं रोज संध्याकाळी उर्जा साळूच्या पाठीवर बसून ओरडायची, "आजी, येते गं." खालून आजी म्हणायची, "ये, बाई." आणि त्या 'ये'सरशी साळूचे पंख उघडायचे. कोणी शिकवलं नव्हतं. दाराशी वाढलेलं जनावर दारातले शब्द उचलणारच. 'जा' हा शब्द मात्र साळूच्या लेखी वाऱ्यासारखा होता. आणि रोमन लिपीतला तो 'ja' जर्मन माणूस 'या' असाच वाचणार; शेजारचे म्हातारे हेर ब्राउन तर कुंपणापलीकडून होकार देत दिवसभर 'या, या' करत. लीलाबाई म्हणायच्या, काहून गं बाई इथली माणसं होकार देतानाही माणसाला बोलावतात?

तनय हायडेलबर्गला गेला, त्यानंतर घरात खोगीर आलं होतं. त्याला कुठून कळणार?

"बरोबर आहे ना सगळं?" उज्ज्वलनं विचारलं.

त्यालाही ठाऊक नव्हतं. साळू निघायची त्या वेळी तो कधी बागेत नसायचा, आणि निघताना तो एकटाच घरात हट्टानं 'जातो' म्हणायचा. शब्दानं माणूस मरत नाही, आई, असलं काही नसतं.

उर्जा भाकरीचा तुकडा मोडत राहिली. क्षमानं सासूकडे पाहिलं. लीलाबाई मांडीवर ताटली घेऊन लसूण सोलत होत्या.

"आई?" उज्ज्वल म्हणाला.

"तुझ्या पोरानं लिहिलं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "बरोबरच असंल."

क्षमानं डाव उचलला आणि नवऱ्याला विचारलं, "झुणका वाढू अजून?"

*

उज्ज्वलला पोरीशी एकट्यानं बोलायचं होतं. ती झाडाखाली साळूच्या मानेवरचे खवले कापडानं पुसत होती. तो शेजारी उकिडवा बसला. साळूनं एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि मिटला.

हिचं अंडं त्यानंच घरी आणलं होतं, नव्व्याण्णव साली. ड्रॅगनवर बसणाऱ्या रायटरांच्या संघाच्या तळावर तो बॉयलर बघायचा. थंड पडलेलं अंडं म्हणून त्यांनी ते भंगारात टाकलं होतं. त्यानं डब्याच्या पिशवीत घालून आणलं, क्षमानं लोकरीत गुंडाळून हायत्सुंगच्या उबेला ठेवलं, आणि आई पोळ्या लाटताना त्याच्याशी गाणी म्हणत बसली. एकविसाव्या दिवशी आतून चोच वाजली.

"रागावलीस?" त्यानं विचारलं.

"नाही."

"उर्जा, माझ्या आजोबांना जन्मावरून पाणी अडवलं होतं. इथे येऊन मी जन्मावरून आभाळ अडवलेलं पाहिलं. रायटराच्या घरी जन्मलास तर वर, नाही तर खाली बॉयलर पूस. ते दोन वर्षांपूर्वी मोडलं. पुलावर मी स्वतः होतो. माझ्या शेजारी केसलर होती, तिच्या भावाला संघाच्या ड्रॅगननी त्याच पुलावर जाळलं. ते मी विसरू?"

"मी म्हटलं का विसरा म्हणून? पण मला खोगीर संघातल्याच हेल्गानं दिलं, बाबा. सगळा संघ नाही म्हणत होता. ती सहा तास उभी राहून भांडली."

"एकीला दिलं. एकीला देऊन हजारांना दार लावलं."

"गेनाऊ. आणि ते तिलाही माहीत होतं. म्हणून तुमच्या क्रांतीत तिनं कोणावर आग टाकली नाही. तरी ती आज डोंगरात लपलीये, तीस जणांबरोबर. कारण नाव संघाच्या वहीत आहे."

"डोंगराचं आपल्याला काय करायचंय? केसलर म्हणाली, साळूला फक्त नदीवर गस्तीला ठेवणार."

उर्जाचा हात थांबला. "बाबा, ते लपलेत त्या गुहेची वाट इथे फक्त दोघींना माहीत आहे. मला आणि हिला. मला विचारून मी सांगणार नाही, हे त्यांना कळतं. हिला विचारावं लागत नाही. पाठीवर कोणी बसलं आणि हिचे शब्द म्हटले, की ही सवयीनं तिथेच नेईल."

कुंपणापलीकडे हेर ब्राउन खुर्चीत घोरत होते.

"तुला हे कोणी सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत का त्यांना? फक्त गस्तच का, म्हणून?"

त्यानं विचारलं नव्हतं. क्रांतीला प्रश्न विचारायची वेळ आपल्यावर येईल, असं त्याला वाटलंच नव्हतं.

"तू कुठे जाणार नाहीस," तो शेवटी म्हणाला. "मला शब्द दे."

"सकाळीच दिला ना आईला."

"आईला? कशावरून?"

उर्जानं ओठ चावला. उज्ज्वलनं खोलीच्या दाराकडे पाहिलं. क्षमा ताटं विसळत होती, आणि तिच्या पाठीवरून त्याला कळलं की तिनं हे ऐकलं आहे.

"बटाट्यांखाली बॅग आहे," ती न वळता म्हणाली. "नंतर भांडू. पावणेतीन झाले."

*

तीनचे ठोके पडले आणि फाटकाची कडी वाजली. फ्राऊ केसलर एक मिनिट आधी आली नव्हती, एक मिनिट उशिरा नाही. करडे केस, साधा कोट, दंडावर नव्या राजवटीची हिरवी फीत. मागे दोन शिपाई, त्यांच्या हातात नवं खोगीर. उर्जाला वाटलं होतं ती बाई दुष्ट दिसेल. ती थकलेली दिसत होती. तिनं बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला, आईनं केलेला चहा घेतला, आजीसमोर किंचित वाकली.

"मुली, हे तुला जड जातंय, मला कळतं," ती उर्जाला म्हणाली. "पण एका घराचा ड्रॅगन म्हणजे पुन्हा तेच झालं, नाही का?"

हे वाक्य बाबांचंच होतं. इतक्यांदा ऐकलेलं, इतकं खरं, की उर्जा नुसती साळूच्या साखळीपाशी जाऊन उभी राहिली.

"परीक्षा मोकळ्यानं होते," केसलर म्हणाली. शिपायानं साळूची साखळी काढली. "परक्या माणसाच्या तोंडून प्रत्येक शब्द पाळला गेला, की हस्तांतर पूर्ण. यादी?"

तनयनं कागद दिला.

"बस," केसलर म्हणाली. साळू बसली. "थांब." थांबली. "हळू." मान खाली आली. केसलरच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं काहीतरी चमकलं. आयुष्यभर ज्याला खालून पाहिलं, ते तिचं ऐकत होतं.

"आता उड्डाण. हा शब्द काय आहे, या? आपल्या होकाराच्या 'या'सारखा?"

"गेनाऊ," तनय म्हणाला.

"मग मला दिवसभर जीभ सांभाळावी लागेल." ती हसली आणि साळूकडे वळली. "या."

साळूनं शेपटीवरची माशी उडवली.

"या!"

"ती हा आवाज शेजाऱ्यांकडून रोज ऐकते," तनय शांतपणे म्हणाला. "त्यामुळे गोंधळ होतोय. ते नंतर बघू. पुढचा घ्या. जवळ बोलावण्याचा. येते."

उर्जा एक पाऊल पुढे सरकली. आता. आता हा शब्द निघेल, साळू उडेल, डोंगरात हेल्गा वाचेल. आणि खाली सही दादाची. दोन वर्षं. लहानपणी तिच्या सायकलचं मागचं चाक धरून रस्ताभर पळणारा दादा, आणि तिला येत नसलेल्या प्रत्येक मराठी शब्दाला हसून मग अर्थ सांगणारा. ती दुपारभर गप्प बसली होती, भाकरीचा तुकडा मोडत. त्या गप्प बसण्याचं वजन तिला आता कळलं.

"दादा, तो शब्द..."

"परीक्षा चालू आहे," तनय जर्मनमध्ये म्हणाला. तिच्याकडे न बघता. "मध्ये बोलू नये."

"अरे पण तो..."

"उर्जा. दुभाष्या मी आहे."

केसलरनं कागदावर पाहून शब्द जुळवला. "येटे," ती म्हणाली.

साळूचे कान उभे राहिले. ती उठली. पाठीवर कोणी नव्हतं, तिनं मान वळवून तेही पाहून घेतलं. मग खोलीच्या पायरीकडे पाहिलं. आजी तिथे बसली होती. शब्द अर्धा होता, उरलेला अर्धा तिच्याकडे होता. साळू त्याची वाट बघत उभी राहिली.

आजी, नको, उर्जा मनात म्हणाली, आणि त्याच श्वासात, आजी, म्हण.

"ये, बाई," आजी म्हणाली.

पंख उघडले. टेबलावरचा चहा सांडला, सफरचंदं टपटप पडली, हेर ब्राउन ओरडत जागे झाले, आणि जिथे साळू होती तिथे नुसतं चेपलेलं गवत उरलं.

*

लीलाबाईंनी सावकाश डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

त्यांना नातवाचा चेहरा दिसला होता. सगळे साळूकडे बघत असताना तो एकटा त्यांच्याकडे बघत होता. शाळेत जाताना दप्तर पाठीवर घेऊन दारात असाच उभा राहायचा. 'येतो' म्हणून झालेलं असायचं, बूट घातलेले असायचे, पण आजीचं 'ये' कानावर पडल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. बस चुकायची, पण उभा राहायचा. मराठी येतं की मला, म्हणाला होता. खरंच येत होतं लेकराला.

म्हणून म्हटलं त्यांनी. आता जिभेला कुलूप लावायचं होतं.

साळू वर घिरट्या घालत होती. परत यायचा शब्दही त्यांच्याचकडे होता. रोज दिवेलागणीला त्या पायरीवर उभ्या राहून वर तोंड करून म्हणायच्या, "आलीस का गं बाई?" आणि ती यायची. एक घिरटी झाली. दुसरी खाली आली, इतकी की पंखांची सावली त्यांच्या पायांवरून गेली. त्यांच्या ओठांवर पोळ्या लाटतानाची ओवी आली, अंड्यापाशी म्हणायच्या ती. ती त्यांनी गिळली.

*निघाली माझी साळू, तिला पुसू नका गाव,*
*तिच्या पंखांच्या सावलीत माझ्या उंबऱ्याचं नाव.*

"परत बोलवा तिला," केसलर म्हणत होती. तिचा आवाज आता थकलेला नव्हता. "यादीत परतीचा शब्द कुठे आहे? हेर उज्ज्वल, तुम्ही पंचवीस वर्षं इथे आहात. ती कशानं येते?"

सगळे उज्ज्वलकडे वळले. लीलाबाईही. त्यांचा हा मुलगा खोटं बोलत नसे. आज सकाळीच बुद्धमूर्तीपुढे पंचशील म्हणून बाहेर पडला होता, आणि चौथं शील म्हणताना त्याचा आवाज नेहमी थोडा चढायचा. आणि आईची संध्याकाळची हाक त्यानं शेकडोंदा ऐकली होती. त्याला सगळं माहीत होतं. पुलावरची जळकी माणसं, शेजारी उभी केसलर, गुहेतले तीस जण, सही केलेला मुलगा. सगळं त्याच्या कपाळावर एकदम दिसत होतं.

"तो शब्द माझा नाही," उज्ज्वल म्हणाला. "तो माझ्या आईचा आहे. तो तिनंच म्हणायचा असतो."

केसलरनं त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग तनयला म्हणाली, "विचार."

तनय पायरीपाशी येऊन गुडघ्यांवर बसला. "आजी, त्या विचारतायत, साळूला परत बोलवायचा शब्द कोणता?"

"सांग त्यांना," लीलाबाई म्हणाल्या, "लेक घरातून निघाली, की आमच्यात मागून हाक मारत नाहीत."

उज्ज्वल आयुष्यभर अशा वाक्यांना 'असलं काही नसतं' म्हणत आला होता. आज त्यानं नुसती मान खाली घातली.

तनयनं शब्दन् शब्द जर्मनमध्ये सांगितला. काही वगळलं नाही, काही घातलं नाही.

साळूची तिसरी घिरटी लांबची झाली. तिनं एकदा आवाज दिला, प्रश्नासारखा. कोणी उत्तर दिलं नाही. मग ती नदीच्या कडेनं दक्षिणेकडे वळली, लहान होत गेली, आणि उर्जा तोंडावर दोन्ही हात धरून तिथेच गवतात बसली.

केसलरनं यादीची घडी केली. "सही तुझी आहे," ती तनयला म्हणाली.

"हो."

"चूक की काय, हे मी इथे विचारत नाही. तिथे विचारतील. चल."

तनयनं कोट घेतला. क्षमा त्याच्याकडे धावली, कॉलर नीट केली, पुन्हा नीट केली. उर्जानं त्याच्या बाहीला धरलं. "मी सांगत होते, दादा. मी सांगत होते तुला."

"माहितेय," तो म्हणाला. "सोड आता. पिशवीतले लाडू संपवू नकोस सगळे."

उर्जानं त्याच्याकडे पाहिलं. लाडू बॅगेत होते, बॅग बटाट्यांखाली. यालाही माहीत होतं तर.

फाटकापाशी तो थांबला. मागे केसलर, तिच्या हातात घडी केलेला कागद. त्यानं आजीकडे वळून पाहिलं, तोंड उघडलं, आणि लीलाबाईंना दिसलं की ओठांवर आलेला शब्द त्यानं आत ओढून घेतला. निघणाऱ्या माणसानं तो इथे म्हटला असता, तर कागदावरची चूक सगळी उघडी पडली असती.

"जातो, आजी," तनय म्हणाला.

बावीस वर्षांत त्यानं हे कधी म्हटलं नव्हतं. लीलाबाईंनी पदर मुठीत धरला. याला 'ये' म्हणून उत्तर देता येत नव्हतं, त्याच शब्दावर साळू उडालेली केसलरनं पाहिली होती. त्यांनी नुसती मान हलवली.

गाडीचं दार लागलं. तेव्हा उज्ज्वल भानावर आल्यासारखा खुंटीवरची टोपी घेऊन निघाला. "थांबा," तो रस्त्याकडे बघून जर्मनमध्ये म्हणाला, "मी त्याचा बाप आहे, मी बरोबर येणार." गाडी थांबून राहिली. तो फाटकाबाहेर गेला. दहा पावलं गेला. मग काय झालं कोण जाणे, वळून पुन्हा कुंपणापाशी आला, सव्वा मीटरच्या झुडपांवरून आईकडे बघत उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, टोपी हातात.

"आई," तो हळूच म्हणाला. दुपारची शांतता केव्हाच संपली होती, तरीही हळूच. "येतो."

लीलाबाई पायरीवरून उठल्या.

"दोघं या," त्या म्हणाल्या.

तेव्हाच तो गेला.